बाजारात न मिळणारी तुती

पूर्ण पिकलेली तुती बाजारापर्यंत पोहोचतच नाही. तिला साल नसते, गर धरून ठेवणारं काहीच नसतं. चिमटीत धरली तरी रस सुटतो. मार्चमधल्या एखाद्या सकाळी पाटीभर तोडून ठेवली, तर संध्याकाळपर्यंत तळच्या थराचा लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागतो. त्यामुळे विकणाऱ्याला ती लाल असतानाच, म्हणजे अर्धकच्ची, तोडावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यांवर स्ट्रॉबेरीच्या शेजारी खोक्यांत मांडलेली तुती बहुतेक वेळा अशीच असते. दिसायला देखणी आणि जिभेला झोंबणारी. आंबा, चिकू, केळी घरी आणून पिकत घालता येतात, कारण त्यांच्यात स्टार्चचा साठा असतो आणि तोडल्यानंतरही त्याची साखर होत राहते. तुतीकडे असा साठा नाही. तिची सगळी गोडी पानांकडून देठावाटे येते, आणि तीही शेवटच्या चार-सहा दिवसांत. देठ तुटला की ही आवक संपली. पुढे रंग थोडा गडद होईल, फळ मऊ पडेल, पण गोड होणार नाही.

म्हणूनच ‘तुती आंबट असते’ असं आपल्याकडे अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. त्यांनी खाल्लेली तुती आंबटच होती. शाळेच्या कुंपणाशी असलेलं झाड मुलांनी हिरवं-लाल असतानाच ओरबाडलेलं, आणि बाजारातलं फळ व्यापाऱ्यानं घाईनं उतरवलेलं. गोड तुती खायची असेल, तर झाड आपल्या दारात हवं. आंब्याबद्दल किंवा पेरूबद्दल असं म्हणता येणार नाही. ती फळं विकतही उत्तम मिळतात. परसबागेत एकच फळझाड लावण्याइतकी जागा असेल, तर माझं मत तुतीला आहे. ते एवढ्याच कारणासाठी.

महाराष्ट्रात तुतीची वाण नाही. जालना, बीड, धाराशिव या भागांत रेशीम शेतीसाठी शेतंच्या शेतं तुतीनं भरलेली दिसतात. जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथल्या शेतकऱ्यांना कोष विकायला कर्नाटकातलं रामनगर गाठावं लागे. पण ही तुती पानांची आहे. ‘व्ही-१’ किंवा ‘एस-३६’ या जाती म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेनं विकसित केल्या, त्या भरपूर आणि रसदार पाल्यासाठी. रेशीमकिड्याला गोड फळाशी काही देणंघेणं नाही. झुडूप वर्षातून अनेकदा कापलं जातं, पाला संगोपनगृहात जातो आणि फळाकडे कुणी लक्ष देत नाही. रेशीमवाल्या पाहुण्याकडून फुकट मिळालेल्या काड्या लावल्या तर झाड झपाट्यानं वाढेल, पण गोडीची हमी नाही. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचं नेमकं याच्या उलट झालं. १६०९च्या सुमारास त्यानं देशात रेशीम पिकवण्यासाठी हजारो तुती मागवल्या, लंडनमध्ये स्वतःची बागही लावली. पण झाडं निघाली बहुतांशी काळ्या तुतीची. तिचं फळ अप्रतिम असतं, पण किड्यांना पांढऱ्या तुतीचा पाला अधिक मानवतो. रेशीम काही उभं राहिलं नाही.

इथे काळी आणि पांढरी या नावांची गल्लत दूर करायला हवी, कारण रोपवाटिकेत तिच्यामुळेच फसगत होते. पांढरी तुती (मोरस अल्बा) या जातीची फळं पांढरी, गुलाबी, जांभळी किंवा पार काळी अशी कुठल्याही रंगाची असू शकतात. काळी तुती (मोरस नायग्रा) ही वेगळी जात आहे. पांढऱ्या तुतीच्या पेशीत साधारणपणे २८ गुणसूत्रं असतात, तर काळीच्या पेशीत ३०८. माणसाची ४६ असतात हे लक्षात घेतलं तर हा आकडा किती अचाट आहे ते कळेल. खरी काळी तुती इराण, तुर्कस्तान, दक्षिण युरोप अशा थंड हिवाळ्याच्या प्रदेशांत रमते. आपल्याकडे ‘ब्लॅक मलबेरी’ म्हणून विकलं जाणारं रोप बहुधा पांढऱ्या किंवा भारतीय तुतीचं काळ्या फळाचं झाड असतं. त्यात वाईट काही नाही. आपल्या हवेला तेच मानवतं. तिसरा प्रकार लांब तुतीचा, मोरस मॅक्रोरा. बोटाएवढी, कधी त्याहून लांब, हिरवट-पांढरी किंवा गर्द तांबडी फळं येतात. उत्तर भारतात ‘शहतूत’ म्हणताना अनेकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. तिच्यात आंबटपणा जवळजवळ नसतोच, त्यामुळे हिरवट असतानाही ती गोड लागते. मुलांना ती फार आवडते. मला मात्र किंचित आंबटाची धार असलेली काळी गोल तुती अधिक चवदार वाटते; निव्वळ गोड फळ चार खाल्ल्यावर सपक होतं. जागा असेल तर दोन्ही लावावीत.

रोप कुठून आणायचं? माझा आग्रह असा की लेबल वाचून नव्हे, फळ चाखून आणावं. फाल्गुन-चैत्रात गावात, कॉलनीत, जुन्या बंगल्यांच्या आवारात फळलेल्या तुती दिसतात. मालकाची परवानगी घेऊन उन्हाच्या बाजूच्या फांदीवरचं, बोट लागताच हातात येणारं फळ खाऊन बघा. ओढावं लागलं तर ते पिकलेलं नाही आणि त्यावरून झाडाची पारख करू नये. चव मनासारखी असेल तर त्या फांदीला दोरा बांधून ठेवा आणि पावसाळा तोंडावर आला की काडी मागून आणा. काडीपासून वाढलेलं झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतं, म्हणजे जी गोडी चाखली तीच मिळणार. बियांचं तसं नाही. बियांपासून आलेलं प्रत्येक झाड निराळं, त्यातली बरीच नर निघतात आणि नर झाडाला फळ कधीच येत नाही. चार वर्षं पाणी घालून हे कळणं क्लेशदायक आहे.

हे नर-मादी प्रकरण मोठं विलक्षण आहे. तुती ही वड, उंबर आणि फणसाच्या कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो या नात्याचाच. फणसाचा एकेक गरा म्हणजे जसं एकेक फूल, तसंच तुतीच्या फळावरचा एकेक दाणा म्हणजे एकेक फूल. आपण खातो तो गर बीजकोशाचा नसून फुलाच्या पाकळीसदृश दलांचा आहे. फलधारणेनंतर तीच दलं रसानं फुगतात. आपण जे एक फळ म्हणून तोंडात टाकतो ते खरं तर कित्येक फळांचा घोस असतो. फुलं वाऱ्यावर परागीभवन करतात, आणि नर फुलांची त्यासाठीची यंत्रणा थक्क करणारी आहे. वाकून ताणलेले पुंकेसर एकदम सुटतात आणि पराग हवेत भिरकावतात. अमेरिकेतल्या कॅलटेकच्या संशोधकांनी २००६ साली हे वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. एका सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागात, म्हणजे २५ मायक्रोसेकंदांत ही क्रिया होते आणि पुंकेसराचा वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक भरतो. वनस्पतिसृष्टीत इतकी जलद हालचाल दुसरी नोंदलेली नव्हती. हे परागकण काहींना त्रास देतात, म्हणून अमेरिकेतल्या टूसॉन, लास व्हेगास अशा शहरांनी पराग सोडणारी तुती लावायलाच बंदी घातली. परसबागेसाठी यातून घ्यायची गोष्ट दिलासा देणारी आहे. फळासाठी निवडलेल्या बहुतेक तुती मादी असतात आणि त्यांना परागीभवनाशिवायही फळ धरतं. जोडीला दुसरं झाड लागत नाही.

काडी सहा-आठ महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, सालीवर तपकिरी रंग चढलेली घ्यावी. हिरवी लुसलुशीत शेंड्याची काडी कुजते. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, त्यावर तीन-चार ठसठशीत डोळे. खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ दिला की काडी उलटी लावण्याची चूक होत नाही. माती, शेणखत आणि वाळू सम प्रमाणात भरलेल्या पिशवीत दोन-तृतीयांश काडी पुरून एखादा डोळा वर ठेवावा आणि पिशवी सावलीत ठेवावी. पंधरा दिवसांत पालवी फुटते आणि इथेच बरेच जण फसतात. ही पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. मुळं अजून सुटलेली नसतात. मुळं आली का हे बघायला काडी ओढू नका, रोप मोठ्या जागी हलवण्याची घाई करू नका. अडीच-तीन महिने जाऊ द्यावेत. लांब तुतीच्या काही झाडांच्या काड्या सहज रुजत नाहीत. त्यांच्यासाठी पावसाळ्यात गुटी बांधावी: फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढून, तिथे ओलं मॉस गुंडाळून, वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. मुळं प्लॅस्टिकमधून दिसू लागली की फांदी खालून कापून कुंडीत लावायची.

कायमची जागा ठरवताना ऊन पहिलं. निदान सहा तास थेट ऊन मिळायला हवं. सावलीतली तुती वाढते, पालेदार होते, आणि फळं पाणचट देते. साखर पानात तयार होते आणि पानाला ती उन्हाशिवाय करता येत नाही. खत कितीही घातलं तरी ही उणीव भरून येत नाही. दुसरी गोष्ट डागांची. गळलेल्या काळ्या फळांनी फरशी, गाडी आणि वाळत घातलेले कपडे जांभळे होतात, म्हणून झाड पार्किंगवर किंवा कपड्यांच्या दोरीवर येणार नाही असं बघावं. तिसरी मुळांची. तुतीची मुळं दूर जातात आणि ओलीचा माग काढतात. भिंत, सेप्टिक टँक आणि पाण्याच्या पाइपपासून दहा-बारा फूट अंतर सोडावं.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल पुरतो. पोयट्याची, निचऱ्याची माती उत्तम. काळ्या चिकण मातीत मुरूम मिसळावा आणि आळं जमिनीपेक्षा किंचित उंच करावं, कारण पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात. कोकणातल्या जांभ्या मातीत निचऱ्याची चिंता नसते, शेणखताची असते. गच्चीवर लावणाऱ्यांनीही हिरमुसू नये. बुडाला भोकं पाडलेल्या मोठ्या ड्रममध्ये, वर्षातून दोनदा छाटत ठेवलेली तुती उत्तम फळते. दर दोन-तीन वर्षांनी तिला बाहेर काढून कडेची मुळं कापायची आणि ताजी माती भरायची, एवढं पथ्य पाळावं लागतं.

आता छाटणी. गोड तुती मिळवण्यात निवडीनंतर सर्वाधिक महत्त्व हिलाच आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही हिच्याभोवतीच आहेत. तुतीचं फळ नव्या फुटव्यावर येतं, हे खरं; पण कुठल्याही नव्या फुटव्यावर नाही. गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवरचे जे डोळे असतात त्यांच्यातून कोवळी फांदी निघते आणि तिच्या तळच्या पानांच्या बगलेत कळ्या असतात. डोळ्याच्या आतच पान आणि फूल दोन्हींची तयारी झालेली असते. जुन्या जाड खोडातून जे जोमदार सरळसोट फुटवे निघतात त्यांच्यात मात्र पानांचाच जोर असतो. त्यामुळे हिवाळ्यात उत्साहानं झाड बुंध्यापर्यंत कापलं, तर फळाची काडीच आपण कापून टाकतो. मार्चमध्ये झाड हिरवंगार दिसतं आणि फळं मोजकी.

यावर उपाय म्हणजे वर्षातून दोन वेगळ्या छाटण्या. पहिली हलकी, डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत. प्रत्येक काडीचा शेंड्याकडचा पाव-एक भाग कापायचा, आत वळलेल्या आणि वाळक्या काड्या काढायच्या, आणि उरलेली सगळी पानं हातानं ओरबाडून टाकायची. पानं काढणं क्रूर वाटतं, पण आपल्या उबदार हवेत तुतीला थंड देशांसारखी पुरती पानगळ होत नाही. ती काही पानं धरून रेंगाळते आणि डोळे निजलेले राहतात. पानं काढली की सगळे डोळे जवळजवळ एकदम फुटतात. त्यासोबत आळ्यात शेणखत द्यावं आणि पाणी सुरू करावं. पुढच्या दीड-दोन महिन्यांत पहिली फळं पिकू लागतात. कोरड्या हवेत, कडक उन्हात पिकलेली ही फळं वर्षातली सर्वात गोड. पावसाळ्यात आलेला बहर पाणी पिऊन फिका होतो, त्याला बुरशी धरते. त्याचा हव्यास धरू नये. दुसरी छाटणी भारी, फळं संपल्यावर, मे अखेर ते जून. तेव्हा झाड छातीएवढ्या उंचीपर्यंत खाली आणायचं. तुती सोडली तर तीस फुटांपर्यंत सहज जाते आणि मग फळं फक्त पाखरांची. जूनमधल्या या छाटणीनंतर पावसात जी लांब काडी वाढते तीच पुढच्या मार्चची फळकाडी.

फळधारणेच्या काळात पाणी नियमित हवं, नाहीतर कोवळी फळं गळतात. फळांवर लाली चढली की मात्र पाणी थोडं कमी करावं. ऐन पिकण्याच्या वेळी भरमसाट पाणी दिलं की फळ फुगतं आणि चव पातळ होते. युरियासारख्या नत्राच्या खतांचं तसंच आहे. पाला दाट होतो आणि फळाची चव उतरते. परसबागेतल्या झाडाला कुजलेलं शेणखत आणि मूठभर लाकडाची राख पुरेशी असते.

तुतीचे शत्रू थोडे. शेंड्याची पानं आकसून, गोळा होऊन, गर्द हिरवी आणि जाड दिसू लागली तर तो ‘तुक्रा’. गुलाबी पिठ्या ढेकूण शेंड्यात बसून रस शोषतो त्यामुळे हे होतं. असा शेंडा वीतभर कापून जाळून टाकावा. लवकर लक्षात आलं तर एवढ्यानंच भागतं. झाडावर पांढऱ्या मेणकट धाग्यांनी झाकलेल्या, पण तुरुतुरु चालणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नका. त्या क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या असतात. दिसतात पिठ्या ढेकणासारख्या, आणि खातात त्यालाच. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइम्बतूरमध्ये आढळला आणि तमिळनाडूतल्या तुतीच्या शेतांना त्यानं हैराण केलं, तेव्हाही फवारण्यांनी जे साधलं नाही ते २०१०मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या बारीक परजीवी गांधीलमाश्यांनी साधलं. ज्या झाडाचं फळ आपण न सोलता, झाडाखाली उभं राहून खाणार, त्यावर विषारी फवारा मारूच नये असं माझं ठाम मत आहे. हिवाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला भुरी दिसते. जानेवारीत पानं काढतो तेव्हा तीही झाडाबरोबर राहत नाही.

पक्षी मात्र येणारच. बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, तांबट, आणि रात्री वटवाघळं. छाटून बुटकं ठेवलेलं झाड जाळीनं झाकता येतं, पण जाळी ताणून आणि बारीक छिद्रांची बांधावी. सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकून ते मरतात. मी अर्ध्या झाडावरच जाळी टाकावी असं सुचवेन. भर बहरातली तुती घरच्यांना आणि पाखरांना दोघांनाही पुरून उरते.

तोडणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. झाडाखाली जुनं धुतलेलं लुगडं अंथरून फांदी हलकेच हलवायची. जे पडलं ते पिकलेलं, जे राहिलं ते उद्याचं. हाच पिकण्याचा खरा निकष, रंग नव्हे. फळं एकाच वेळी पिकत नाहीत, त्यामुळे तीन-चार आठवडे रोज थोडी मिळत राहतात. लगेच खायची नसतील तर न धुता, उथळ डब्यात एका थरात फ्रिजमध्ये ठेवावीत, तीही दोनेक दिवसच. १०० ग्रॅम ताज्या फळात सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम साखर, ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जवळपास दोन मिलिग्रॅम लोह असतं. जॅम करताना लिंबू पिळायला विसरू नये. लांब, गोड तुतीत आम्ल कमी असल्यानं जॅम नीट आळत नाही, आणि लिंबानं रंगही जांभळ्याचा झळझळीत लाल होतो. इराणात पांढरी तुती वाळवून चहाबरोबर साखरेऐवजी तोंडात धरतात. अफगाणिस्तानात वाळलेली तुती अक्रोडाबरोबर कुटून ‘तलखान’ करतात, ते हिवाळ्यातलं आणि प्रवासातलं अन्न. विदर्भ-मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन फळं वाळवायला पुरेसं आहे; पांढरी लांब तुती पातळ फडक्याखाली जाळीच्या चाळणीवर पसरून बघावी. हाताला लागलेले डाग घालवायला कच्ची हिरवी तुती चोळतात. तिच्यातल्या आम्लानं ते बरेच फिके होतात.

जूनच्या छाटणीत काड्यांचा भारा निघतो. त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या त्याच दिवशी कापून पिशव्यांत लावाव्यात, नाहीतर ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. दोन-तीन दिवस टिकतात. पाला शेळ्या आवडीनं खातात, शेजारी कुणाकडे असतील तर त्यांना द्यावा. जाड लाकडं वाळवून ठेवली तर पुढच्या वर्षीची राख त्यांचीच होते.